एकोणीस सह्या

नाही हो, फ्रेम करायची नाहीय मला, काच नको, भोवतीचा पुठ्ठ्याचा माउंटही नको — ते शटर अर्धं ओढलंत ना, तसंच राहू द्या, म्हणजे दुसरं कोणी आत यायला नको. एक वाजलाय, माहितीय, तुमची जेवायची वेळ आहे, मी मुद्दाम हीच वेळ धरून आले. हे टेबल जरा रिकामं करता, दादा? तो कटर उचला, ती डिंकाची बाटली पण उचला, ओलं काही नको जवळ — बघा, ह्यांचीच भाषा आली माझ्या तोंडात. पस्तीस वर्षं ऐकतेय, ओलं नको, उजेड नको, बोट नको. हात कोरडे आहेत ना? पुसा एकदा. हं. मला ओळखलंत की नाही? ते जाड चष्म्याचे, छापखान्यात मशिनी दुरुस्त करायचे, माउंटचा कोपरा केसभर चुकला तरी परत कापायला लावणारे — त्यांची बायको मी. त्यांचं एक चित्र आत्ताही आहे तुमच्याकडे, ते काय, मागे कपाटाला टेकवलेलं, पिवळी खुर्ची. असू द्या तिथेच. त्याचं मग सांगते. आधी हे बघा.

निळा जिना. पुढचं — खुंटीला लाल कोट. पुढचं अर्धं कापलेलं लिंबू, ही दगडावरून छापलेली चित्रं ना, ह्या एका लिंबाला म्हणे सात दगड लागले, एकेका रंगाला एकेक दगड. अहो, चित्र नका बघू, चित्रांना काही झालेलं नाही, चित्रं ठणठणीत आहेत! खाली बघा. खालची पांढरी कड. उजवीकडे काय असायला हवं? सही. डावीकडे? आकडा — एकतीस भागिले पंचाहत्तर, म्हणजे पंचाहत्तर काढली त्यातलं हे एकतिसावं, आणि पंचाहत्तर झाली की दगड घासून टाकायचा, की पुन्हा त्यावरून एकही निघता कामा नये. तुम्हाला मी काय सांगायचं, तुमचा धंदाच आहे. पण आता सांगा, दिसतेय सही? दिसतोय आकडा? ह्याच्यावर? ह्या जिन्यावर? नाही ना? एकोणीस कागद आहेत ह्या फोल्डरमध्ये आणि एकावरही नाही. सगळ्या गेल्या. आणि परवा, दादा, परवा अकरा वाजता संग्रहालयाचा माणूस घरी येणार आहे हे कागद बघायला. आणि उद्या सकाळी हे दवाखान्यातून घरी येणार. छातीचं ऑपरेशन झालंय, डॉक्टर म्हणतात धक्का बसेल असं काही करू नका. आल्या आल्या कुठे जाणार ते? माझ्याकडे बघणार? चपला काढायच्या आधी त्या खोलीत जाणार, कपाटाचा खण ओढणार, आणि खाली वाकून ही कड बघणार.

म्हणून आले. तुम्ही करायच्या. काय म्हणजे — सह्या! एकोणीस सह्या, एकोणीस आकडे. तुमचा हात मला ठाऊक आहे. आमच्या लग्नाच्या फोटोची फ्रेम तुटली होती, तिची नक्षी तुम्ही ब्रशने अशी जुळवलीत की जोड कुठे आहे ते मला अजून सापडत नाही. आणि नमुना तर इथेच आहे तुमच्या दुकानात, ती पिवळी खुर्ची, ती एकच वाचलीय — तुमच्याकडे होती म्हणून वाचली. सही बघा ना तिची, आहे काय तिच्यात? एक वाकडी रेघ, एक उभी, मग शेपटी. पेन्सिलची. शाईची असती तर मी तुमच्या दारात आलेच नसते. आकडे मी आणलेत लिहून, ह्यांच्या वहीतून उतरवले, कुठल्याला बारा, कुठल्याला एकतीस, सगळं पाठकोऱ्या कागदावर लावून ठेवलंय. ही चित्रं काढणारा तो जर्मन असता तर त्याच्या दारात जाऊन बसले असते, म्हटलं असतं, बाबा, पुन्हा कर, तुझीच आहेत. पण तो गेला चार वर्षांपूर्वी. हे दोन दिवस जेवले नव्हते. माझा भाऊ तेव्हा घरी आला होता, त्याला वाटलं ह्यांच्या नात्यातलंच कोणीतरी गेलं.

कसं झालं म्हणजे — चुकून झालं. सांगते ना. हे कागद विकणारे लोक असतात, ते मागच्या बाजूला पेन्सिलने कायकाय खरडून ठेवतात, नंबर, खुणा. ह्यांना ते खपत नाही. मग मला शिकवलं होतं त्यांनी — पांढरा मऊ खोडरबर, दाब द्यायचा नाही, एकाच दिशेने फिरवायचा, भुगा हाताने नाही झटकायचा, ब्रशने. पस्तीस वर्षांत त्या चित्रांतलं माझ्याकडे आलेलं काम तेवढं एकच, मागचं खोडणं. पुढून बघायचं ते ह्यांनी. छापखान्याने एकदा सहा महिने पाठवलं होतं तिकडे जर्मनीला, मशीन शिकायला, तिथून पहिलं घेऊन आले. ते गेले तेव्हा मी लग्न होऊन चार महिन्यांची, मला वाटलं साडी आणतील, निदान एखादं घड्याळ. बॅग उघडली तर एक चपटं पुडकं. दोन जाड पुठ्ठ्यांच्या आत बटर पेपर, त्याच्या आत हा जिना. म्हणाले, बघ, हाताने सही केलीय त्याने, समोर बसून. माणसाचा हात लागलाय ह्याला. मी म्हटलं, माझा पण लागू दे, आणि बोट पुढे केलं — असे ओरडले! तेव्हापासून आमच्या घरात तिसरा माणूस राहायला आला. मी त्याला जर्मनच म्हणते. जर्मनच्या खोलीत कोण झाडतंय, जर्मनला थंडी वाजेल. हसायचे तेही. आतली खोली खरं तर दुसऱ्या कोणासाठी ठेवली होती आम्ही, त्याच्यासाठी भिंतीला पिवळा रंगसुद्धा दिला होता. तो काही आला नाही. मग त्या खोलीत जर्मन आला. तर सांगत काय होते — हां, चुकून. हे दवाखान्यात, म्हटलं वेळ आहे, मागच्या खुणा राहिल्यात त्या खोडून टाकू, आणि चुकून पुढचं...

असं काय बघताय? हो, एकोणीस.

आता तो कागद तिरका काय धरताय उजेडात? काय दिसतंय? — कुठे? थांबा, चष्मा — अगंबाई! दिसतेय की! ती खाच ना? रेघ गेली पण दाबाची खाच राहिली, हो, हो, ही शेपटी बघा, ही पण, जोरात करायचा म्हणजे सही मेला! ह्याच्यावर? ह्याच्यावर पण आहे! अहो दादा, मग संपलंच की सगळं, मी कालपासून उगीच जीव टांगणीला लावून बसले. त्या खाचेतून पेन्सिल फिरवायची फक्त. तुम्हाला काही काढायचंच नाहीये. घ्या, ही घ्या पेन्सिल, ह्यांच्याच डब्यातली आहे, मऊ शिशाची. घ्या ना.

का ठेवलीत खाली? — खोटी कशी? खोटी कशी होईल ती? खाच त्याची आहे. हात त्याचा फिरलाय तिथून, आपण कुठे दुसरीकडून नेतोय? रेघ त्याची, जोर त्याचा, शिसं तेवढं तुमचं. ह्याला खोटं म्हणत असाल तर मग काय म्हणायचं — दुरुस्ती म्हणा. तुम्ही जुन्या चौकटी दुरुस्त करता तेव्हा कोणी तुम्हाला खोटारडा म्हणतं? मान हलवू नका अशी. मी हात जोडते. मी ह्या वयाची बाई, तुमच्या आईच्या नाही तर मावशीच्या वयाची, पाया पडू का तुमच्या? मला स्वतःला जमलं असतं तर आले असते का? काल बसले होते घेऊन. हात वळत नाही. खोडताना बरा वळला होता.

— तो कागद ना? तिथे खरखरीत झालाय खरा. कड जरा फुलल्यासारखी झालीय. ते पहिलं होतं, हाताला राग होता. राग म्हणजे — घाई. घाई होती.

बरं. नका बघू असं. राग होता.

एक चुकून जाईल, मान्य आहे, एकोणीस चुकून जात नाहीत, हे तुम्हाला कळतंय, मला कळतंय, आणि परवा येणाऱ्या माणसालाही कळेल. तुम्ही म्हणत असाल हिला वेड लागलंय. लागलं होतं, त्या दुपारी. तुम्ही आमच्या घरी आलात कधी? नाही ना. आतल्या खोलीची खिडकी अकरा वर्षं उघडलेली नाही. फटींना पट्ट्या चिकटवल्यात. आत एक यंत्र आहे, हवा कोरडी करणारं, दिवसरात्र गुरगुरत असतं, आणि भिंतीवर एक घड्याळ — वेळेचं नव्हे, दमटपणा मोजायचं, एक काटा असतो त्याला. काटा पन्नासच्या आसपास राहिला पाहिजे. स्वयंपाकघरात मी पातेल्यावरचं झाकण काढलं की हे आतून ओरडणार, काटा हलला! आम्ही हसण्यावारी न्यायचो ते. खरंच सांगते, मी काही आयुष्यभर रडत बसलेली बाई नाही. एकेकाला एकेक नाद असतो, बाटली नाही, पत्ते नाहीत, कागद आहेत, असं म्हणायचे मी माझ्या वहिनीला. मग नऊ वर्षांपूर्वी आई आली माझी. तिला दमा. दिवसातून तीनदा वाफ घ्यायला लागायची, तोंडावर टॉवेल घेऊन, तेवढं केलं की बरी असायची. बाहेरच्या खोलीत दिवाण टाकला तिला. आतली खोली बंद, पण आमचं घर ते केवढं! तिसऱ्या दिवशी काटा सत्तरवर गेला. हे काही बोलले नाहीत हं, खोटं कशाला सांगू, एक शब्द बोलले नाहीत. सासूला उलटून बोलणाऱ्यातले नाहीत ते. फक्त — आई टॉवेलखाली खोकत होती, जोरात ढास लागली होती, तिने श्वास घ्यायला टॉवेल बाजूला केला, आणि हे आतल्या खोलीच्या दारात उभे, ते दार थोडं उघडून, आणि ते काट्याकडे बघत होते. तिच्याकडे नाही. काट्याकडे. आईने ते बघितलं. मी आईला बघताना बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःच म्हणाली, मला धाकट्याकडे सोड, तिकडे नातवंडं आहेत, करमेल. नातवंडं दिवसभर बाहेर, घरात कोणी नसायचं, आणि वाफ कोण करून देणार? तेविसाव्या दिवशी गेली. वाफेचं भांडं भावाने परत आणून दिलं. माळ्यावर आहे.

ह्यांना पत्ता नव्हता. म्हणजे आईने बघितलं, ती त्यामुळे गेली, हे ह्यांच्या ध्यानातच आलं नाही असं मी धरून चालले. माणूस आपल्या नादात असतो, बघितलं असेल सहज. तसं धरलं नसतं तर एका घरात कशी राहिले असते मी? नऊ वर्षं एका ताटलीत चहाचे दोन कप नेलेत मी रोज.

आता हे ऑपरेशन. चार तास मी बाहेर बाकावर. तिथल्या भिंतीच्या टाइल्स मोजल्या, एकशे बारा. मनात म्हटलं, जर्मन काय नि खोली काय, हा माणूस तेवढा परत दे, आणखी काही मागणार नाही. दुसऱ्या दिवशी आत सोडलं मला. नळ्या, तोंड सुकलेलं, डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, ओठ हलले. मी कान जवळ नेला. आणि काय म्हणाले असतील? — यंत्र चालू आहे ना?

मी म्हटलं, आहे. म्हटलं, विश्रांती घ्या. नर्सला म्हटलं येते तासाभरात. घरी आले, चपला घालूनच आतल्या खोलीत गेले, खण ओढला, खोडरबर काढला. आधी यंत्र बंद केलं. मग बसले. बारा भागिले साठ — घास. एकतीस भागिले पंचाहत्तर — घास. वाचून वाचून घासलं मी, दादा, प्रत्येक सही वाचली आधी. पहिल्याला जोर लावला, मग लक्षात आलं जोर लागतच नाही, ह्यांनी शिकवलंय तसं हलक्या हाताने एका दिशेने नेलं की सुंदर जातं. भुगासुद्धा ब्रशने झटकला. त्या दुपारी पहिल्यांदा पुढून बघितली मी ती चित्रं. चांगली आहेत हो. तो लाल कोट बघितलात? कोणीतरी आत्ताच काढून ठेवलाय आणि परत येणार नाही, असा आहे. हे मला कोणी आधी का दाखवलं नाही?

आणि तरीही मी आले नसते तुमच्याकडे. म्हटलं असतं, हो, मी खोडल्या, काय करायचं ते करा. आठ दिवस मी मनात भांडण लिहून ठेवलं होतं, पाठ होतं. पण काल — काल भेटायच्या वेळेत गेले तर हे उशीला टेकून बसलेले, मला म्हणतात, बस इथे. माझा हात घेतला. वॉर्डात सगळ्यांसमोर. म्हणाले, मी ठरवलंय, सगळी संग्रहालयाला देऊन टाकतो, फोन केलाय मी त्यांना, मी घरी आलो की दुसऱ्या दिवशी माणूस येईल. ती खोली रिकामी करू. तुझा पलंग त्या खिडकीखाली टाकू, पट्ट्या काढून टाक, खिडकी उघडी ठेवून झोपत जा तू, तुला आवडतं ना वारा लागलेलं. पस्तीस वर्षं, दादा! आठ दिवस आधी म्हणता आलं नाही ह्या माणसाला? डोळे उघडल्या उघडल्या हेच म्हणायला काय झालं होतं? आता संग्रहालयवाले बिनसहीचे कागद घेणार आहेत का? ते म्हणतील, काका, हे तर कोणीही छापेल. आणि हे माझ्याकडे बघतील. म्हणून म्हणते, घ्या ती पेन्सिल. एक करून बघा. एकच, त्या लिंबावर. तुमची बोटं बघा, आताही सरळ आहेत, घ्या —

थांबा. त्यांचाच आहे. बोलू नका हं तुम्ही काही.

हॅलो. हो. जेवलात? ...बाहेर आहे जरा. ...भाजी घ्यायला. ...हो, यंत्र चालू आहे. ...कोण? आजच? ...पण परवा म्हणाले होते ना? ...चार वाजता? तुम्ही त्यांना हो कशाला म्हणालात, मी घरी — ...नाही, किल्ली आहे माझ्याकडे. ...नाही, दाखवायला काही नाही, मी दाखवीन हो, पण... अहो. अहो, ऐका. झोपलेले आहात ना? उठून बसू नका. ऐका, मी खोडल्या.

सह्या. सगळ्या.

...हॅलो? ...हो, ऐकू येतंय. ...तुमच्याच रबराने. तो पांढरा, मऊ. ...नाही, कागद नाही फाटला. एकाची कड जरा फुललीय. ...ब्रशने. ...एका दिशेने, हो. ...एकोणीस. विसावं फ्रेमवाल्याकडे आहे. ...खाच राहिलीय, तिरकं धरलं की दिसते. ...अहो पण तुम्ही हे काय विचारताय? कुठला रबर, किती जोर, कागद कसा आहे! का केलं ते विचारा ना. विचारा! एकदा विचारा की, का केलंस!

...

काय म्हणालात?

...परत म्हणा. ...काटा? तुम्ही काटा म्हणालात? ...म्हणजे तुम्ही — थांबा, श्वास घ्या, हळू बोला — आईने तुम्हाला बघितलं, हे तुम्ही बघितलं होतंत. ...तेव्हाच. ...आणि दुसऱ्या दिवशी रिक्षा तुम्ही आणलीत. तिची पिशवी तुम्ही खाली नेलीत. ...नाही, मी ओरडत नाहीये. मी कुठे ओरडतेय? ...रडू नका तुम्ही, टाक्यांना ताण पडेल. ...नर्सला बोलवा. ...ठेवते मी. ...येते. म्हटलं ना येते, ठेवा.

...

नाही, पाणी नको. बरी आहे मी.

ठेवा ती पेन्सिल डब्यात. नको आता. येऊ दे चार वाजता त्या माणसाला, खाचा दिसतात तर खाचा बघ म्हणावं. कशा गेल्या ते सांगेन मी त्याला. जरा हात लावा, हे परत फोल्डरमध्ये भरू या, तो जिना खाली, लिंबू वर, हां, बटर पेपर मध्ये घाला. फीत बांधा. तुम्ही बांधा, माझ्याच्याने आता गाठ बसणार नाही. काय देऊ तुम्हाला, उगीच जेवण राहिलं तुमचं.

ती? नाही, ती पिवळी खुर्ची नाही नेत मी. तयार असली तरी नको. तुमच्याकडेच राहू द्या, वर कुठेतरी ठेवा, आणि मी मागायला आले तरी देऊ नका — ऐकताय ना, मी स्वतः आले, हसत आले, ह्यांचं नाव घेऊन आले तरी माझ्या हातात देऊ नका. तो रबर अजून पर्समध्ये आहे माझ्या. ओढा ते शटर वर, जाऊ द्या मला.